तीन ओळींची जागा

अर्जात 'संशोधनातील आवड' याखाली तीन ओळी सोडल्यात,
'पार्श्वभूमी'खाली दोन.
अल्माटीत एप्रिल आहे. प्रयोगशाळेची खिडकी अजून चिकटपट्टीनं बंद,
आणि माझ्या पाठीमागे यंत्र गेले अकरा दिवस
एकच आस फिरवत, वाकवत बसलंय.
प्राध्यापक येसेनबेकोव जाता जाता सांगून गेले :
आवड लिही, आत्मचरित्र नको.

पहिली ओळ सोपी.
रेल्वेच्या आसांमधला थकवा.
लोखंड थकतं, हे पुस्तकात वाचण्याआधी
मी जेवताना ऐकलं होतं.
बाबा सांगायचे, शेजारच्या कुणाबद्दल सांगावं तसं :
"आज एक थकलेलं आलं होतं. सहाव्या डब्याखाली."

सारी-शागान. बाल्खाश सरोवराकाठचं स्टेशन.
गाडी थांबली की आई डब्यांच्या दारांशी
धुरावलेले मासे उंच धरून पळायची,
आणि पलीकडच्या अंगाला बाबा
लांब दांड्याची हातोडी घेऊन
चाकामागून चाक ठोकत जायचे.
टण्ण. चांगलं.
टण्ण. चांगलं.
बद्द.
खडूची फुली.
मडकं घेताना टिचकी मारून बघतात, तेवढीच ती विद्या.
उणे तिसातही टोपीचे कान वर बांधलेले,
कारण झाकल्या कानाशी चाक खोटं बोलतं.
डाव्या कानाची पाळी एका जानेवारीनं नेली.

दुसरी ओळ :
ध्वनि-उत्सर्जन, सूक्ष्म तडे, आगाऊ निदान.
म्हणजे मी आसाला नाण्याएवढे सेन्सर चिकटवते
आणि माणसाच्या कानाच्या कितीतरी वर
लोखंड जे पुटपुटतं, ते उतरवून घेते.

फेब्रुवारीत बाबा आले, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी.
पिशवीत मासे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली
हातोडी. दांडा काढून ठेवलेला.
का आणली, मी विचारलं नाही. दांडा मीच शोधला, झाडूचा.
यंत्र थांबवलं.
त्यांनी हात पँटला पुसले, आस ठोकला,
आणि शेवटची थरथर विरेपर्यंत
डोळे मिटून उभे राहिले.
"चांगला आहे."

पडद्यावर तडा होता.
खांद्याच्या वळणात, दीड मिलिमीटर.
मी पडदा त्यांच्याकडे फिरवायला नको होता.
फिरवला. शाबासकीसाठी, दुसरं काय.

ते बघत राहिले.
मग त्यांचे ओठ हलू लागले :
दिवसाच्या एवढ्या गाड्या, गाडीला एवढी चाकं,
एकतीस वर्षं.
"बोता, यातले किती
माझ्याकडून 'चांगलं' ऐकून पुढे गेले असतील?"

अंदाज काढता येतो. सूत्र मला पाठ आहे.
मी चहा ओतला.

पार्श्वभूमी : रेल्वे कामगाराचं घर. पदवी कारागांडाची.
दोन ओळी भरल्या. मासे राहिले.

परतीच्या रात्री शू स्टेशनातून त्यांचा फोन आला.
एका डोळ्यावर पट्टी, तरी आवाजात धाप.
"खालून एक पोरगा ठोकत चालला होता. घाईत.
आमच्या डब्याचं चौथं मला आवडलं नाही."
मग?
"उतरलो."
तो काय म्हणाला?
"हसला आधी. मग पुन्हा ठोकलं. वाकून ऐकलं दोघांनी."
आणि?
"त्याला चांगलं वाटलं."
तुम्हाला?

गाडी सुटली असावी.
फोन त्यांनी कानापासून काढून खाली धरला होता, पायरीपाशी,
की नुसताच हातात राहिला, कळेना.
चाकं येत होती. सांध्यावरून सांध्यावर.
मी चौथं वेगळं काढायचा प्रयत्न करत
रेंज जाईपर्यंत ऐकत राहिले.

तिसरी ओळ अजून कोरी आहे.